ओएसएलसीच्या सेवा-कॅटलॉगसाठी नेमस्पेस कशी निवडावी: नव्या इंटिग्रेशन टीमसाठी मार्गदर्शक

एका कंपनीचे आवश्यकता नोंदवण्याचे साधन, दुसरीचे दोष-नोंदीचे आणि तिसरीचे चाचण्यांचे साधन एकमेकांशी जोडता यावे, यासाठी ओएसएलसी, म्हणजे ओपन सर्व्हिसेस फॉर लाइफसायकल कोलॅबोरेशन, ही खुली मानके २००८ पासून घडत आली आहेत. २०१३ मध्ये हे काम ओएसिस या मानक-संस्थेकडे आले आणि २०२१ मध्ये कोर ३.० ला ओएसिस मानकाचा दर्जा मिळाला. या मानकांनुसार प्रत्येक सर्व्हर आपल्याकडे कोणत्या सेवा आहेत याचा कॅटलॉग प्रसिद्ध करतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्लायंट तो कॅटलॉग वाचून हवी ती सेवा शोधतो. हा शोध सेवेच्या शीर्षकावरून किंवा वर्णनावरून होत नाही. तो होतो नेमस्पेसवरून, म्हणजे शब्दांचा एक संच ओळखण्यासाठी दिलेल्या, वेब-पत्त्यासारख्या दिसणाऱ्या नावावरून, आणि तोही अक्षर न् अक्षर जुळवून.

म्हणूनच नेमस्पेस निवडण्याचा निर्णय शांतपणे घ्यायला हवा. प्रत्यक्षात मात्र तो प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात नमुना कोडमधली एखादी ओळ बदलून घेतला जातो, आणि ग्राहकांच्या यंत्रणांमध्ये साठवलेल्या हजारो नोंदींत ती ओळ उतरल्यावर तिची किंमत कळते. सर्व्हर बदलता येतो, डेटाबेस बदलता येतो, पण दुसऱ्यांनी आपापल्या कोडमध्ये आणि क्वेरींमध्ये लिहून ठेवलेले नाव बदलणे आपल्या हातात राहत नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांचा गोंधळ वाचावा म्हणून मी पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने मांडल्या आहेत. लेखातले पत्ते वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत; प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन लिपीतच लिहायचे आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय असावे

- ज्या डोमेन नावाखाली नेमस्पेस ठेवायची आहे त्याची मालकी कोणत्या विभागाकडे आहे, नूतनीकरण कोण करतो आणि मुदत कधी संपते, याची लेखी माहिती.
- तुमच्या साधनातल्या नोंद-प्रकारांची आणि रकान्यांची यादी. ही यादी विकासकाऐवजी त्या साधनाचा रोजचा वापर करणाऱ्याने तपासलेली असावी.
- शब्दसंग्रहाची, म्हणजे तुमच्या नोंद-प्रकारांची आणि गुणधर्मांची नावे व अर्थ सांगणारी फाइल ठेवण्यासाठी गिटची स्वतंत्र रिपॉझिटरी. उत्पादनाच्या कोडमध्ये ती दडवू नका.
- पत्ते उघडून पाहण्यासाठी कर्ल, आणि टर्टल व आरडीएफ-एक्सएमएल फाइली तपासण्यासाठी अपाची जेनाबरोबर येणारे रायट. (आरडीएफ ही पत्त्यांसारख्या नावांनी माहिती मांडण्याची पद्धत; टर्टल आणि आरडीएफ-एक्सएमएल ही ती लिहिण्याची दोन रूपे.)
- जावामध्ये काम करत असाल तर एक्लिप्स लायो. त्यातल्या अ‍ॅनोटेशन वाचल्या तरी मानकाची बरीचशी रचना ध्यानात येते.

१. तीन पत्ते वेगवेगळे ओळखा

नवख्या टीमचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून या पायरीवर थोडा वेळ द्या. ओएसएलसीमध्ये सगळेच पत्ते एचटीटीपीने सुरू होतात आणि दिसायला सारखे असतात, पण त्यांची कामे तीन आहेत.

पहिला पत्ता कॅटलॉगचा. सर्व्हिस प्रोव्हायडर कॅटलॉग नावाचा दस्तऐवज कुठे मिळेल हे तो सांगतो. कॅटलॉगच्या आत एकेक सर्व्हिस प्रोव्हायडर असतो, बहुधा एका प्रकल्पासाठी एक; प्रत्येक प्रोव्हायडरच्या आत सेवा असतात; आणि सेवेच्या आत नवी नोंद तयार करण्याची क्रिएशन फॅक्टरी, शोध घेण्याची क्वेरी कॅपॅबिलिटी आणि नोंद निवडण्याच्या किंवा तयार करण्याच्या खिडक्या, म्हणजे डायलॉग, असतात. दुसरा पत्ता प्रत्यक्ष नोंदीचा, म्हणजे अमुक एका दोषाचा किंवा तमुक एका चाचणीचा. तिसरा पत्ता नेमस्पेसचा. ही सेवा कोणत्या विषयाची आहे आणि तिच्यातल्या नोंदी कोणत्या प्रकारच्या आहेत, हे जगाला सांगणारे ते नाव आहे.

पहिले दोन पत्ते तुमच्या सर्व्हरचे असतात. तिसरा कोणत्याही एका सर्व्हरचा नसतो. सेवेवर डोमेन नावाचा एक गुणधर्म असतो आणि प्रत्येक सेवेला त्याचे नेमके एकच मूल्य द्यावे लागते. बदल-व्यवस्थापनाच्या सेवेसाठी ते एचटीटीपी://ओपन-सर्व्हिसेस.नेट/एनएस/सीएम# असे असते. तो सर्व्हर पुण्यात चालो वा म्युनिकमध्ये, आणि तो कोणत्याही कंपनीने बनवलेला असो. क्लायंट कॅटलॉगमधून खाली उतरत जातो, प्रत्येक सेवेचे डोमेन पाहतो आणि स्वतःकडच्या अक्षरमालेशी ते जुळते का एवढेच तपासतो. या डोमेनचा आणि इंटरनेटवरच्या डोमेन नावाचा गोंधळ होऊ नये म्हणून पुढे मी पहिल्याला विषयक्षेत्र म्हणणार आहे.

इथला सापळा असा. बऱ्याच कोडमध्ये सर्व्हरचा मूळ पत्ता चालू विनंतीवरून काढलेला असतो, आणि नेमस्पेसही त्याच मूळ पत्त्याला शेपूट जोडून बनवलेली असते. मग विकासकाच्या लॅपटॉपवर एक नेमस्पेस, चाचणी सर्व्हरवर दुसरी आणि ग्राहकाकडे तिसरी तयार होते. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे पाहिले तर सगळे व्यवस्थित चालते, आणि दोन ठिकाणचा डेटा एकत्र करायची वेळ येईपर्यंत कोणाला काही कळत नाही. नेमस्पेस कोडमध्ये एकाच ठिकाणी, स्थिरांक म्हणून, पूर्ण लिहा. ती कधीही जोडून तयार करू नका.

२. नवी नेमस्पेस खरोखर लागते का, हे आधी तपासा

ज्या नोंदी जगभर सारख्याच असतात त्यांच्यासाठी शब्द तयार आहेत. बदलाच्या विनंत्यांसाठी सीएम, आवश्यकतांसाठी आरएम, चाचण्यांसाठी क्यूएम, रचनांसाठी एएम, स्वयंचलित कामांसाठी ऑटो आणि आवृत्त्यांच्या संयोजनासाठी कॉन्फिग, या सगळ्या नेमस्पेस ओपन-सर्व्हिसेस.नेट/एनएस/ खाली आहेत. शीर्षक, वर्णन, निर्मितीची तारीख आणि ओळख-क्रमांक यांसाठी ओएसएलसी स्वतःचे शब्द न घडवता डब्लिन कोअर या प्रचलित शब्दसंग्रहाचे वापरते, आणि तुम्हीही तेच करावे. तुमच्या साधनात रकान्याला ‘विषय’ म्हटले असले तरी बाहेर देताना ते डब्लिन कोअरचे टायटलच असते.

एक उदाहरण धरून चालू. समजा, चाकणच्या एखाद्या वाहनभाग कारखान्यासाठी तुम्ही गेज कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजमापाची उपकरणे अचूक आहेत का याच्या तपासणीच्या, नोंदी ठेवणारे साधन बांधले आहे. कॅलिब्रेशनमध्ये गेज नापास झाला की दुरुस्तीची विनंती निघते. ही विनंती म्हणजे सरळसरळ सीएममधली चेंज रिक्वेस्ट. तिच्यासाठी नवा प्रकार घडवलात तर बाजारातला कोणताही तयार क्लायंट ती ओळखणार नाही. कॅलिब्रेशनची नोंद मात्र या कोणत्याच शब्दसंग्रहात नीट बसत नाही. तिला ओढूनताणून क्यूएममधली टेस्ट रिझल्ट म्हणण्याचा मोह होतो, पण मग चाचण्यांचे अहवाल काढणारी साधने तुमचे गेजही सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत मोजू लागतात. इथे नवी नेमस्पेस न्याय्य आहे. सेवेच्या विषयक्षेत्रासाठी सहसा ओएसएलसीची नेमस्पेस येत असली तरी इतर पत्तेही चालतात, असे मानकातच म्हटलेले आहे.

म्हणजे एकाच सर्व्हिस प्रोव्हायडरमध्ये दोन सेवा ठेवा: एक सीएम विषयक्षेत्राची, दुसरी तुमच्या स्वतःच्या. दोन्ही एकाच सेवेत कोंबू नका.

ओपन-सर्व्हिसेस.नेट खाली स्वतःच्या मनाने शब्द घडवण्याचा प्रकारही दिसतो. सीएमच्या नेमस्पेसला शेवटी स्वतःचा ‘गेजनंबर’ चिकटवून दिला जातो. तसे करू नये. ती नेमस्पेस ओएसिसच्या ओपन प्रोजेक्टच्या ताब्यात आहे, आणि उद्या त्यांनी तोच शब्द वेगळ्या अर्थाने आणला तर तुमचा डेटा चुकीचा ठरेल. शब्द सर्वांच्या उपयोगाचा आहे असे वाटत असेल तर गिटहबवरच्या त्यांच्या रिपॉझिटरीत मुद्दा मांडा. तो मान्य होईपर्यंत स्वतःच्या नेमस्पेसमध्ये राहा.

३. डोमेन नाव कोणाच्या ताब्यात आहे, याची खात्री करा

नेमस्पेस म्हणजे पत्त्यासारखे दिसणारे नाव. तो पत्ता उघडला नाही तरी आरडीएफचे काम अडत नाही, पण त्या नावावरचा हक्क मात्र डोमेन नावाच्या मालकीतून येतो. म्हणून पुढच्या वीस वर्षांत हे डोमेन नाव कोण सांभाळणार, हा प्रश्न तांत्रिक नसून संस्थात्मक आहे, आणि तो तुमच्या व्यवस्थापकाला विचारलाच पाहिजे.

उत्पादनाच्या जाहिरातीसाठी घेतलेले डोमेन नाव वापरू नका. उत्पादन बंद झाले की त्याचे नूतनीकरण थांबते. कंत्राटदाराच्या किंवा एखाद्या सहकाऱ्याच्या नावावरचे डोमेनही नको. कंपनीचे मुख्य डोमेन चालेल, पण त्याच्या मुख्य संकेतस्थळाखाली नेमस्पेस ठेवू नका, कारण संकेतस्थळाची पुनर्रचना करणाऱ्यांना तुमची ती वाट माहीत नसते. ‘आयडी’ किंवा ‘एनएस’ असे वेगळे उपडोमेन काढून घ्या आणि त्याची जबाबदारी एका विभागावर लेखी टाका.

कंपनी लहान असेल किंवा प्रकल्प मुक्तस्रोत असेल, तर डब्ल्यूथ्रीआयडी.ऑर्ग हा उत्तम पर्याय आहे. ही सेवा डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक-संस्थेचा एक समुदाय गट चालवतो. गिटहबवरच्या त्यांच्या रिपॉझिटरीत तुमच्या नावाची फोल्डर आणि त्यात एचटीअ‍ॅक्सेस फाइल टाकून पुल रिक्वेस्ट पाठवायची. ती स्वीकारली गेली की तो पत्ता तुमच्या सध्याच्या फाइलकडे वळवला जातो. उद्या फाइल दुसरीकडे हलवली तर फक्त वळणाचे ठिकाण बदलायचे, नेमस्पेस तीच राहते. डब्लिन कोअरचे शब्द ज्या पीयूआरएल.ऑर्ग या नावाखाली आहेत ती सेवाही याच तत्त्वावर चालते. २०१६ मध्ये तिचा कारभार ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेकडून इंटरनेट आर्काइव्हकडे गेला, तरी डब्लिन कोअरची एकही नेमस्पेस बदलावी लागली नाही.

नमुना कोडमधून आलेले एक्झाम्पल.कॉम तसेच ठेवून देऊ नका. एक्झाम्पल.कॉम, .नेट आणि .ऑर्ग ही नावे १९९९ पासून केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेली आहेत. ती कोणालाही आपली म्हणता येत नाहीत. खाली मी गेजच्या उदाहरणासाठी एचटीटीपीएस://आयडी.एक्झाम्पल.ऑर्ग/एनएस/गेज# असा पत्ता वापरला आहे तो त्याच कारणाने.

४. नेमस्पेसची रचना ठरवा

येथे चार प्रश्न आहेत. पहिले दोन लवकर सुटतात.

शेवटी हॅश की स्लॅश? शब्द शेकड्यांत असतील आणि एकाच फाइलमध्ये मावत असतील तर हॅश घ्या. हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे एक फाइल ठेवली की सगळे शब्द उघडतात. स्लॅश घेतल्यास प्रत्येक शब्दासाठी ३०३ क्रमांकाचे वळण लावावे लागते. हजारो शब्दांच्या मोठ्या संग्रहासाठी ते योग्य आहे. ओएसएलसी हॅश वापरते, तुम्हीही तोच वापरा.

एचटीटीपी की एचटीटीपीएस? नव्याने घडवत असाल तर दोन्हींपैकी कोणतेही चालेल. फक्त एकदा ठरवले की ते बदलायचे नाही. ओएसएलसीच्या स्वतःच्या नेमस्पेस एचटीटीपीच्या आहेत आणि फाइलमध्ये त्या तशाच लिहायच्या, मग संकेतस्थळ एचटीटीपीएसवर उघडत असले तरी. सुरक्षेच्या साफसफाईत सगळ्या कोडमधले एचटीटीपी एका झटक्यात एचटीटीपीएस करणारी स्क्रिप्ट कोणीतरी चालवतो, सगळे कंपाइल होते, सगळे सुरू होते, आणि कॅटलॉगमध्ये एकही सेवा कोणाला सापडत नाही. अशा स्क्रिप्टमधून नेमस्पेसच्या फाइली नावानिशी वगळा.

तिसरा प्रश्न आवृत्ती-क्रमांकाचा, आणि याबद्दल माझे मत ठाम आहे: नेमस्पेसमध्ये आवृत्ती-क्रमांक घालू नये. ओएसएलसीचा स्वतःचा इतिहासच त्याचा पुरावा आहे. बदल-व्यवस्थापनाच्या पहिल्या आवृत्तीची नेमस्पेस ओपन-सर्व्हिसेस.नेट/एक्सएमएलएनएस/सीएम/१.० अशी होती. दुसऱ्या आवृत्तीत ती बदलून एनएस/सीएम# झाली, आणि तिसऱ्या आवृत्तीत मात्र तीच ठेवून तिच्यातच नवे शब्द घातले गेले. दोषासाठी डिफेक्ट, कामासाठी टास्क, अवस्थेसाठी स्टेट हे शब्द आले. जुने क्लायंट एका अक्षरानेही बिघडले नाहीत. उलट पहिल्या बदलाचा व्रण आजही दिसतो. आयबीएमच्या जॅझ सर्व्हरांवर कॅटलॉगचा पत्ता शोधण्यासाठी जो रूटसर्व्हिसेस दस्तऐवज वाचावा लागतो, त्यात सीएमचा कॅटलॉग दाखवणारा गुणधर्म १.० च्या नेमस्पेसमध्ये असतो, आणि त्याच पत्त्यावरून पुढे गेल्यावर कॅटलॉगमधल्या सेवांचे विषयक्षेत्र नव्या नेमस्पेसमध्ये असते. दोन्ही ठिकाणी प्रीफिक्स, म्हणजे पूर्ण नेमस्पेसऐवजी वापरायचे छोटे नाव, ‘ओएसएलसी_सीएम’ असाच लिहिलेला आढळतो. नवा विकासक दोन्हींसाठी एकच स्थिरांक वापरतो आणि त्याला रूटसर्व्हिसेसमध्ये काहीच सापडत नाही. तुमच्या बाबतीत असे होत असेल तर सर्व्हरवर शंका घेण्यापूर्वी ती एक ओळ उघडून पाहा.

वर्ष घालायला हरकत नाही, पण ते शब्द घडवल्याचे वर्ष म्हणून. आवृत्ती म्हणून नव्हे. औल या शब्दसंग्रह घडवण्याच्या भाषेच्या नेमस्पेसमध्ये २००२/०७ आहे आणि २००९ मध्ये त्या भाषेची दुसरी आवृत्ती आली तरी ते तसेच राहिले. माणसांची माहिती मांडणाऱ्या फोफ या शब्दसंग्रहाच्या नेमस्पेसमधला ०.१ हा आकडाही असाच कायमचा राहिला, कारण तो वाढवणे म्हणजे असलेला सगळा डेटा मोडणे.

चौथा प्रश्न उत्पादनाच्या नावाचा. रॅशनल टीम कॉन्सर्ट या उत्पादनाच्या नेमस्पेसमध्ये ‘आरटीसी’ ही अक्षरे आहेत. पुढे उत्पादनाचे नाव इंजिनिअरिंग वर्कफ्लो मॅनेजमेंट झाले, नेमस्पेस मात्र तीच राहिली, आणि ती न बदलणे हेच योग्य होते. जमिनीचा मालक बदलला तरी गट नंबर तोच राहतो, तसे हे आहे. पण मुळात उत्पादनाचे, टीमचे किंवा ग्राहकाचे नाव न घालता विषयाचे नाव घातले, तर पुढच्या माणसाला ‘हे आरटीसी म्हणजे काय’ असे विचारावे लागत नाही. म्हणून आमच्या उदाहरणात ‘गेज’.

५. शब्दांची नावे आणि मराठीचा प्रश्न

प्रकारांची नावे मोठ्या अक्षराने आणि गुणधर्मांची लहान अक्षराने सुरू करावीत, हा संकेत पाळा. शब्दाची सुरुवात अंकाने करू नका. टर्टलमध्ये ते खपून जाते, पण आरडीएफ-एक्सएमएलमध्ये गुणधर्माचे नाव हे एक्सएमएलचे नाव असावे लागते आणि एक्सएमएलची नावे अंकाने सुरू होत नाहीत. ‘थ्रीडीस्कॅन’ हा शब्द ३ या अंकाने लिहिलात, तर टर्टल मागणाऱ्या क्लायंटला उत्तर मिळेल आणि आरडीएफ-एक्सएमएल मागणाऱ्याला दोष दिसेल.

शब्द देवनागरीत घडवावेत का, असे मराठी विकासक मला विचारतात. आरडीएफ त्याला परवानगी देते. तरीही मी नको म्हणतो, आणि त्यामागे यंत्राचे साधे कारण आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र घ्या. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे एकच अक्षर पाठवतात, काही र आणि नुक्ता अशी दोन चिन्हे पाठवतात, आणि काही ठिकाणी साध्या र्-नंतर न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. नेमस्पेसची तुलना मात्र चिन्हा-चिन्हाने होते, त्यामुळे तिन्ही वेगळे शब्द ठरतात. शिवाय काही साधने वाटेत त्या अक्षरांचे टक्के-चिन्हांकित रूप करतात आणि चौथा शब्द तयार होतो.

मराठीची खरी जागा लेबलमध्ये आहे. प्रत्येक शब्दाला लेबल आणि स्पष्टीकरण देता येते आणि त्यावर भाषेची खूण लावता येते. मराठीसाठी ती खूण ‘एमआर’ ही दोन अक्षरे. कॅलिब्रेशनच्या मुदतीसाठी घडवलेल्या रोमन शब्दाला ‘पुढील कॅलिब्रेशनची तारीख’ असे लेबल दिले, की शॉप फ्लोअरवरच्या पडद्यावर ते मराठीतच दिसू शकते. हे काम शेवटी उरकण्यासाठी ठेवू नका. ज्याला ती नोंद भरायची आहे त्या माणसाने लेबल वाचून ‘हो, हेच’ म्हटले, तरच तुम्ही शब्दाचा अर्थ बरोबर पकडला आहे असे समजावे.

६. प्रीफिक्स ठरवा, पण त्यावर विसंबू नका

प्रीफिक्स ही फाइलपुरती केलेली सोय आहे; खरे नाव पूर्ण पत्त्याचेच. तुमच्या फाइलमध्ये ‘गेज’ आणि दुसऱ्याच्या फाइलमध्ये ‘जी१’ असा प्रीफिक्स असला तरी पूर्ण पत्ता एक असेल तर शब्द एकच. कोडमध्ये प्रीफिक्सची अक्षरे शोधणारी एकही ओळ राहू देऊ नका.

ओएसएलसीच्या क्वेरीत मात्र प्रीफिक्सला व्यवहारात महत्त्व येते, कारण अट लिहिताना गुणधर्म प्रीफिक्ससहच लिहावा लागतो. क्लायंट आपला प्रीफिक्स विनंतीबरोबर सांगू शकतो, आणि सर्व्हिस प्रोव्हायडर प्रीफिक्स डेफिनिशन देऊन आपले ठरलेले प्रीफिक्स आधीच जाहीर करू शकतो. तुम्ही ते जाहीर करा, म्हणजे समोरच्याला अंदाज बांधावा लागत नाही. प्रीफिक्स निवडण्यापूर्वी प्रीफिक्स.सीसी या संकेतस्थळावर तो आधीच प्रचलित आहे का, हेही पाहून घ्या.

७. नेमस्पेसच्या पत्त्यावर काहीतरी वाचण्याजोगे ठेवा

पत्ता न उघडताही यंत्रे चालतात, पण माणसे अडतात. तुमचा कॅटलॉग वाचणारा परका विकासक सर्वांत आधी तो पत्ता ब्राउझरमध्ये चिकटवतो. तिथे त्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगणारे साधे पान दिसावे, आणि त्याच पत्त्याकडे टर्टल मागणाऱ्या यंत्राला शब्दसंग्रहाची फाइल मिळावी. कर्लने दोन्ही मागण्या करून पाहा आणि वळणे नीट पोहोचतात का तपासा.

क्लायंट लिहिताना मात्र चालू वापरात हा पत्ता उघडू नका. फाइल सोबत ठेवा. २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने जाहीरपणे सांगितले होते की त्यांच्या सर्व्हरवरच्या डीटीडी, म्हणजे दस्तऐवजाची रचना सांगणाऱ्या, फाइलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात, आणि त्या येत होत्या ते दस्तऐवज वाचताना दर वेळी तोच पत्ता नव्याने उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. तुमचा कारखान्यातला सर्व्हर इंटरनेटपासून तोडलेल्या जाळ्यात असेल, तर असा क्लायंट सुरूच होणार नाही.

८. कॅटलॉगमध्ये नोंद करा आणि अक्षरे तपासा

आता सेवेवर विषयक्षेत्र लिहा. गेजच्या सेवेसाठी ते एचटीटीपीएस://आयडी.एक्झाम्पल.ऑर्ग/एनएस/गेज# असेल, शेवटच्या हॅशसह. क्रिएशन फॅक्टरीवर आणि क्वेरी कॅपॅबिलिटीवर नोंद-प्रकार लिहा. तो नेमस्पेस आणि शब्द मिळून होणारा पूर्ण पत्ता असतो. नोंदीत कोणते गुणधर्म अपेक्षित आहेत हे सांगणाऱ्या रिसोर्स शेपमध्येही तेच पूर्ण पत्ते आणि तिथले छोटे नाव हे पत्त्यातल्या शेवटच्या शब्दाशी जुळणारे ठेवा.

सर्वांत जास्त चुका हॅशच्या असतात. नेमस्पेसच्या स्थिरांकात हॅश लिहायचा राहून गेला तर ‘गेज’ आणि ‘कॅलिब्रेशन’ चिकटून ‘गेजकॅलिब्रेशन’ असा, कोणीच न घडवलेला शब्द तयार होतो. फाइल व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, त्यामुळे रायटही काही बोलत नाही.

म्हणून व्याकरण-तपासणीनंतर आणखी एक तपासणी करा. पूर्ण कॅटलॉग, त्याखालचे सगळे प्रोव्हायडर आणि शेप उतरवून घ्या आणि त्यांतली विषयक्षेत्रे, नोंद-प्रकार व गुणधर्म यांचे सगळे पत्ते एका यादीत काढा. मग त्याच यादीची दुसरी प्रत करून तिच्यातल्या पत्त्यांचा पुढचा एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस आणि शेवटचा हॅश किंवा स्लॅश काढून टाका आणि एकसारख्या ओळी एकत्र करा. दोन्ही याद्यांतल्या वेगवेगळ्या ओळींची संख्या जुळली पाहिजे. जुळली नाही, तर एकच नाव कुठेतरी दोन प्रकारे लिहिले गेले आहे, आणि ग्राहकाकडे जाण्याआधी ते सापडले याचे समाधान माना. ही तपासणी प्रत्येक बिल्डमध्ये आपोआप चालेल अशी लावून ठेवा. शब्दसंग्रहाच्या फाइलमध्ये नसलेला, पण तुमच्याच नेमस्पेसचा एखादा शब्द कॅटलॉगमध्ये आढळला तर बिल्ड थांबवा.

९. नंतरचे बदल

शब्दसंग्रहात नवा शब्द घालणे कधीही चालते. असलेल्या शब्दाचा अर्थ बदलणे चालत नाही. ‘पुढील तारीख’ या शब्दाचा अर्थ आजवर कॅलिब्रेशनची मुदत असा असेल आणि आता तुम्हाला त्यात गेज परत आणण्याची तारीख ठेवायची असेल, तर नवा शब्द घडवा आणि जुना तसाच राहू द्या. जुन्यावर ‘वापरातून काढलेला’ अशी खूण करता येते: औलमध्ये त्यासाठी डेप्रिकेटेड हा गुणधर्म आहे, आणि शब्दाची स्थिती सांगणाऱ्या टर्म स्टेटसमध्ये स्टेबल, अनस्टेबल, टेस्टिंग आणि आर्केइक अशी मूल्ये आहेत. शब्द फाइलमधून पुसून टाकू नका, कारण जुन्या नोंदी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागलाच पाहिजे.

कधी कधी नेमस्पेस बदलणे खरोखर अटळ होते, उदाहरणार्थ कंपनी विकली जाते आणि डोमेन नाव दुसऱ्याकडे राहते. अशा वेळी सर्व्हरने काही काळ दोन्ही नावांनी उत्तर द्यावे. सेवेला विषयक्षेत्र एकच देता येत असल्याने जुन्या नेमस्पेसची सेवा तशीच ठेवून शेजारी नव्या नेमस्पेसची दुसरी सेवा उभी करा. नोंदीवर मात्र दोन्ही प्रकार एकत्र लिहिता येतात, कारण एका नोंदीला एकाहून अधिक प्रकार असू शकतात. क्वेरीत जुना गुणधर्म आला तर तो आतल्या आत नव्याशी जोडा, आणि जुन्या नावाने येणाऱ्या विनंत्या लॉगमध्ये वेगळ्या मोजा. जुनी सेवा कॅटलॉगमधून कधी काढायची, हे त्या मोजणीवरून आणि प्रत्येक ग्राहकाशी प्रत्यक्ष बोलून ठरवा. तारीख आधी जाहीर करून नंतर ग्राहक शोधत बसू नका. आणि कंपनी विकण्याच्या करारात डोमेन नावाच्या नूतनीकरणाचे कलम घालता येत असेल, तर कायदेविभागाला ते वेळेवर सांगा.